घरी ब्रेकचं काम केलं आणि आता ब्रेकच लागेना: दोष कुठून शोधायचा

पुढचे पॅड बदलले, मागचे शू टाकले, चाकं चढवली, जॅक उतरवला, सीटवर बसून पॅडल दाबलं आणि पाय थेट तळाला. अशा वेळी लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर घाबरून नवीन मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य पार्ट) घेऊन येतात, नाहीतर चार-पाच वेळा पंप मारून पॅडल वर आलं की 'झालं आता' म्हणून गाडी रस्त्यावर काढतात. दोन्ही नको. कालपर्यंत ब्रेक लागत होता आणि तुम्ही हात लावल्यावर लागत नाहीये, म्हणजे बहुतेक वेळा दोष तिथेच असतो जिथे तुमचा पाना फिरला. तो नेमका कुठे आहे ते पॅडल सांगतं, पार्ट विकत आणायच्या आधी ते ऐकून घ्यायचं एवढंच.

खालचं सगळं मुख्यतः आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गाड्यांबद्दल आहे, वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो, म्हणजे पुढे डिस्क (तिला दोन्हीकडून पॅड आवळतात), मागे ड्रम (त्याला आतून शू टेकतात). मोटरसायकल-स्कूटरचं शेवटी थोडक्यात.

आधी गाडी जागेवर

ब्रेकचा भरवसा येईपर्यंत गाडी हलवायची नाही, कॉलनीतल्या कॉलनीतसुद्धा नाही. 'मेकॅनिक इथेच तर आहे, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू नेतो' हा विचार पहिल्या स्पीड ब्रेकरपाशी सायकलवरचं पोरगं आडवं आलं की महागात पडतो. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, आणि परत जॅक लावणार असाल तर गाडी जॅक स्टँडवर ठेवा, विटांवर नाही, वीट वजनाखाली न सांगता फुटते. इंदूरात पावसाळ्यात अजून एक भानगड असते, प्लॉटच्या बाजूला मोकळ्या जागेत गाडी लावलेली असेल तर खाली माळव्याची काळी माती, वरून सुकलेली दिसते आणि जॅक बघता बघता तिरपा होत आत जातो. जॅक आणि स्टँड दोन्हीच्या खाली जाड फळी ठेवा, किंवा सरळ सिमेंटच्या पोर्चमध्येच काम करा.

ड्रम उघडला की आतली काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही, कंप्रेसरने उडवायची तर अजिबात नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढा.

पॅडल वाचायचं कसं

इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला, पायाचा जोर वाढवणाऱ्या त्या डब्यातला, व्हॅक्यूम संपेल. आता एकदा हळू दाबा आणि पाय काय सांगतोय ते बघा. मग तसाच दाब धरून ठेवा, साधारण एक मिनिट. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. एवढ्यात तुम्हाला चार-पाच वेगवेगळे प्रकार दिसू शकतात आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पॅडल पहिल्या दाबाला तळाला गेलं, पण तीन-चार वेळा दाबल्यावर वर आलं आणि मग वरच कडक राहिलं, पाच मिनिटांनी दाबलं तरी तसंच कडक: यात बिघाड काही नाही. नवीन जाड पॅड बसवायला तुम्ही कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा पार्ट) पिस्टन आत ढकलला होता, तो बाहेर येऊन पॅडला टेकेपर्यंत पॅडल रिकामं जाणारच. म्हणूनच पॅड बदलल्यावर गाडी स्टार्ट करण्याआधी पॅडल पंप करायचं असतं. ऑइलची लेव्हल बघा आणि पुढे चला.

पॅडल मऊ, स्पंजी, पंप केलं की वर येतं आणि थोड्या वेळाने परत मऊ: लाइनमध्ये हवा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, तुमच्या पायाची सगळी ताकद त्या बुडबुड्यांना चेपण्यात जाते.

पॅडल कडक आहे पण खूप खाली जाऊन कडक होतं, आणि पंप केलं की वर येतं: हवा थोडी असू शकते, पण मागे शू बदलले असतील तर आधी ड्रमची ॲडजस्टमेंट, म्हणजे शू ड्रमपासून किती लांब आहेत ते, बघा. याची एक झकास टेस्ट आहे, हँडब्रेक दोन-तीन क्लिक ओढा आणि मग पॅडल दाबा. पॅडल एकदम वर आलं तर मागचे शू ड्रमपासून लांब आहेत, हवा काढत बसू नका. नवीन शू टाकून पॅडल खाली गेलेल्या गाड्यांमध्ये मी सगळ्यात आधी हेच करतो, आणि बऱ्याच जणांच्या ऑइलच्या बाटल्या यामुळे वाचल्यात.

पॅडल दाब धरल्यावर हळूहळू खाली सरकत जातंय: कुठेतरी लीक, आणि बाहेर कुठे ओलं दिसत नसेल तर मास्टर सिलिंडर आतल्या आत ऑइल सोडतोय.

पॅडल दगडासारखं कडक, खाली जातच नाही, गाडी मात्र थांबत नाही: बूस्टर. इंजिन चालू केल्यावर पायाखाली पॅडल किंचित खाली उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह किंवा खुद्द बूस्टर. घरी काम करताना इंजिनच्या मॅनिफोल्डहून बूस्टरला जाणारा तो जाड रबरी पाइप कोपराने निघालेला मी पाहिलाय, बॉनेट उघडल्यावर दोन सेकंदांत दिसतो, पण लोक आधी चाकं उघडतात.

आणि शेवटचा प्रकार, पॅडल अगदी छान, वरच कडक, तरीही गाडी उशिरा थांबते: हायड्रॉलिक ठीक आहे, दोष पॅड आणि डिस्कच्या मध्ये आहे. ग्रीस लागलंय, डिस्कवरचं तेल पुसलेलं नाही, पॅड उलटे बसलेत, किंवा नुसते अजून बसायचे आहेत.

लीक आधी, हवा नंतर

हवा काढायला बसण्याआधी टॉर्च घेऊन सगळीकडे बघून घ्या, कारण लीक असेल तर तुम्ही हवा काढताय आणि ती मागच्या दाराने परत येतेय. कोणाला तरी पॅडल दाबून धरायला सांगा आणि स्वतः चाकं बघा. ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा काढायचं बारीक तोंड, पुरतं बंद झालंय का. कॅलिपरला पाइप जिथे बँजो बोल्टने (मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) लागतो तिथे दोन्ही बाजूला तांब्याचे वॉशर आहेत का, आणि ते नवीन आहेत का, कारण ते एकदा दबले की दबले, जुनेच परत लावले तर झिरपतात. दहा रुपयाच्या वॉशरपायी अख्खी दुपार जाते. पाइपला पीळ बसलाय का तेही बघा, कॅलिपर काढताना तो त्याच रबरी पाइपवर लटकत ठेवला असेल तर पाइप आतून फाटू शकतो, बाहेरून काहीच दिसत नाही. कॅलिपर नेहमी तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचा.

मागे ड्रमच्या आत व्हील सिलिंडर (शू बाहेर ढकलणारा) बघायचा असेल तर त्याच्या रबरी टोप्या हळूच उचला, आत नुसता ओलसरपणा चालतो, पण ऑइल साचलेलं असेल तर सिलिंडर गेला. हे शू बदलल्यावरच का होतं? कारण जुन्या झिजलेल्या शूमुळे त्याचे पिस्टन वर्षानुवर्षं बाहेरच्या जागी चालत होते, नवीन जाड शूंनी त्यांना आत ढकललं आणि आतला तो भाग गंजलेला, सील तिथे घासलं. आणि ड्रम काढलेला असताना कोणी पॅडल दाबलं तर पिस्टन पार बाहेर येऊन पडतात, घरातल्या पोरांना गाडीत बसू देऊ नका.

ऑइल जिथे जिथे सांडलंय तिथे लगेच पाणी ओता, नुसतं पुसून भागत नाही, ते गाडीचा रंग खातं. शू किंवा पॅडने ऑइल पिलं असेल तर ते बदला. गॅसवर जाळून साफ करायचे प्रकार करू नका.

निपल कुठल्या दिशेला आहे

आमच्या कॉलनीतले एक काका, रिटायर झाल्यावर गाडीचं सगळं स्वतः करायची हौस. पॅडबरोबर त्यांनी दोन्ही कॅलिपर पण उतरवले, घासून लाल रंग दिला, वाळवले, बसवले. दिसायला एक नंबर. त्यांचा भाचा सीटवर, काका चाकापाशी पाटावर, आणि मी गेलो तेव्हा दुसरी बाटली संपत आली होती.

"दाब."

"दाबलंय मामा."

"धरून ठेव."

"धरलंय हो, पण हे खालीच चाललंय."

पाइपातून येणारं ऑइल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही, आणि पॅडल मात्र लोण्यासारखं. मी खाली वाकून बघितलं तर निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बऱ्याच गाड्यांमध्ये दोन्ही बाजूंचे कॅलिपर उलटसुलट आरामात बसतात, बोल्टची भोकं जुळतात, काहीच अडत नाही. पण हवा वर राहते आणि निपल खाली असेल तर तिथून फक्त ऑइलच निघणार, बादलीभर ओतलं तरी. निपल नेहमी वरच्या बाजूला हवं. कॅलिपर अदलाबदली करून परत हवा काढली, पॅडल वर. दोन्ही कॅलिपर एकदम उतरवायचे असतील तर आधी खडूने डावा-उजवा लिहून ठेवा.

हवा काढायची रीत

लागतं काय: पारदर्शक पाइपचा तुकडा (मत्स्यालयाचा चालतो), एक बाटली, निपलच्या मापाचा रिंग पाना, बहुतेक ८ किंवा १० मिमी, आणि बंद सीलचं नवीन ब्रेक ऑइल. फिक्स पान्याने निपलचे कोपरे गोल होतात आणि मग ते तुटतं, म्हणून रिंग पाना.

ऑइलबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण इथेच मोठे घोटाळे होतात. छोटी ग्वालटोलीत पार्ट्सच्या दुकानात गेलात की काउंटरवरचा विचारतो, "भिया, डॉट तीन दूँ कि चार?" डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड. उत्तर घरूनच घेऊन जा, रिझर्व्हॉयरच्या (बॉनेटखालची ब्रेक ऑइलची छोटी टाकी) झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून माळ्यावरची मागच्या पावसाळ्यातली अर्धी बाटली वापरू नका, झाकण घट्ट असलं तरी. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते वेगळंच, आपल्या या गाड्यांत टाकायचं नाही आणि बाकीच्यात मिसळायचं पण नाही, आणि डॉट ५.१ म्हणजे डॉट ५ नव्हे, ते ३-४ च्याच जातीचं.

चुकून पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल रिझर्व्हॉयरमध्ये पडलं असेल तर हवा काढण्याचा विषयच संपला. खनिज तेलाने ब्रेकची सगळी रबरं फुगतात. झाकणाच्या आतलं रबर काढून बघा, ते फुगून परत जागेवर बसत नसेल तर तेच झालंय. मग मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडरची किट, रबरी पाइप सगळं बदलायचं आणि लाइनी धुवायच्या, खर्चिक आहे, पण याला पर्याय नाही, आणि ही गाडी टो करूनच न्यायची.

आता कृती. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, मास्टर सिलिंडर त्याच्या समोर, म्हणून साधारण क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत कंपनी वेगळा क्रम देते, मॅन्युअलमध्ये असेल तर तोच धरा. फक्त पुढचे कॅलिपर उघडले होते आणि रिझर्व्हॉयर कधीच रिकामा झाला नव्हता तर पुढच्या दोन चाकांवर भागतं.

निपलवर पाइप चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. सीटवरचा माणूस पॅडल हळू दाबतो आणि धरतो, तुम्ही निपल पाव-अर्धा फेरा उघडता, ऑइल येतं, पॅडल खाली जातं, तुम्ही निपल बंद करता आणि मगच 'सोड' म्हणता. हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना पाय उचलला गेला, की हवा निपलातून परत आत. सीटवरच्याला स्पष्ट सांगून ठेवा की मी म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, फोन वाजला तरी. पॅडल घाईघाईने धपाधप मारू नका, बुडबुड्यांचा फेस होतो आणि मग तो निघत नाही, अर्धा तास गाडी तशीच सोडून द्यावी लागते. दर पाच-सहा दाबांनी रिझर्व्हॉयर बघा. तो रिकामा झाला की मास्टरमध्ये हवा, परत पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पॅडल पार तळापर्यंत दाबायचं नाही हे फार कमी लोक सांगतात. मास्टर सिलिंडरचा पिस्टन वर्षानुवर्षं अर्ध्याच लांबीत चाललेला असतो, पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ, हवा काढताना सील पहिल्यांदाच तिथे जातं आणि चिरतं. 'काल फक्त हवा काढली आणि मास्टर गेला' ही तक्रार अशीच होते. पॅडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे ते अर्ध्यातच अडेल.

मदतीला कोणी नसेल तर नुसतं निपल उघडून ऑइल आपल्या वजनाने ठिबकू द्या, वेळ लागतो पण फेस होत नाही. ओम्नी, जिप्सी किंवा पिकअपसारख्या गाडीत मागच्या एक्सलवर वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यात मागची चाकं लटकती ठेवून हवा काढलीत तर मागे ऑइल नीट पोचतच नाही, मागचं वजन चाकांवर येऊ द्या.

एबीएसची (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी, आणि २०१९ नंतरच्या कार म्हणजे ती असतेच, तिच्यात रिझर्व्हॉयर कोरडा पडू दिला तर हवा एबीएसच्या युनिटात शिरू शकते आणि ती स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय निघत नाही. चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येतंय, निपल वर आहेत, मागची ॲडजस्टमेंट ठीक आहे आणि तरी पॅडल स्पंजी, तर तिथेच थांबा, स्कॅनरवाल्याला घरी बोलवा.

तरीही पॅडल खाली

इथे एक चाचणी आहे, जपून करायची. रबरी पाइप दाबायचा खास गोल जबड्याचा क्लँप मिळतो, तो चारही पाइपांवर लावा. पक्कड किंवा वाइस ग्रिपने करू नका, पाइप आतून कापला जातो, आणि भेगा पडलेले जुने पाइप असतील तर हा प्रयोगच नको. चारही बंद असताना पॅडल वर आणि कडक असेल तर मास्टर सिलिंडर ठीक. आता एकेक क्लँप सोडत जा, ज्या चाकाचा सोडल्यावर पॅडल एकदम खाली गेलं तिथे दोष. चारही बंद असून पॅडल सरकत असेल तर मास्टर, नुसतं स्पंजी असेल तर मास्टर किंवा एबीएसमध्ये अडकलेली हवा.

मास्टर बदललाच तर गाडीला लावण्याआधी टेबलावर वाइसमध्ये धरून, तोंडांना छोटे पाइप जोडून ते परत त्याच्याच टाकीत सोडून आतली हवा काढून घ्या. कोरडा मास्टर लावून मग गाडीवर हवा काढायला बसलात तर संध्याकाळ होते. आणि बूस्टरच्या दांड्याला मास्टरच्या पिस्टनपाशी बारीकशी फट असायला हवी. फट नसेल तर ऑइल परत यायचं भोक झाकलं जातं, ब्रेक सुटत नाहीत, चार-पाच किलोमीटरवर पॅडल वर वर येत कडक होतं, चाकं तापतात, आणि शेवटी ऑइल उकळून पॅडल तळाला. घरी एकदम मस्त वाटलेला ब्रेक वाटेत गायब होतो तो असा. ब्रेक लाइटचा स्विच पुढे सरकवून पॅडल दाबून ठेवला गेला तरी हेच होतं.

ड्रममध्ये दोन-तीन गोष्टी बघायच्या. डाव्या आणि उजव्या चाकाचे ॲडजस्टर (शूचं अंतर राखणारे) वेगवेगळे असतात, अदलाबदल झाली तर ते आपोआप ताणायचं सोडून तसेच राहतात किंवा उलटे ढिले होतात. एका वेळी एकच चाक उघडा म्हणजे दुसरं बघून जुळवता येतं. ड्रम चढवून चाक हाताने फिरवल्यावर हलकासा घासल्याचा आवाज यावा, अडकू नये. आणि हँडब्रेकची केबल शेवटी ताणायची, आधी शू. केबल ओढून शूचं अंतर भरून काढलं तर ॲडजस्टर काम करत नाही.

पुढच्या डिस्कला कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना बघा, दोन्ही हाताने हलल्या पाहिजेत. त्यांना साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून पिन जाम होते, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस येतं तेच. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने न काढता डिस्क बसवली की ती किंचित तिरपी फिरते, पॅड मागे ढकलले जातात, आणि उभ्या गाडीत छान असलेलं पॅडल चालत्या गाडीत पहिल्या दाबाला खाली जातं. ढिल्या बेअरिंगनेही तसंच होतं. पॅडची लोखंडी बाजू डिस्ककडे लावणारे आहेत, हसू नका, आतला पॅड घाईत उलटा बसतो आणि बाहेरून दिसत नाही. मागे पण डिस्क असेल आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर तो पिस्टन बहुतेक ठिकाणी फिरवत आत न्यायचा असतो, क्लँपने नुसता दाबला तर आतली यंत्रणा तुटते. बटणाच्या हँडब्रेकच्या गाडीत आधी सर्व्हिस मोड, नाहीतर हात लावू नका.

बाईक-स्कूटर

पुढची डिस्क, लिव्हर मऊ. मोटरसायकलमध्ये हवा बहुतेक वेळा सगळ्यात वर, हँडलवरच्या मास्टरच्या बँजोपाशी अडकते, खालच्या निपलातून कितीही काढा. हँडल असं वळवा की मास्टर सगळ्यात उंच येईल, लिव्हर हलके हलके टिचक्या मारल्यासारखी दाबा, रिझर्व्हॉयरमध्ये बुडबुडे वर येताना दिसतील. रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवायची युक्ती उरलेल्या बारीक हवेसाठी चालते, पण लीक असेल तर सकाळी पेट्रोलच्या टाकीवरचा रंग उडालेला असेल. काम करताना टाकीवर ओलं फडकं टाकाच. मागच्या ड्रममध्ये ब्रेकचा आर्म दातांवर एक घर चुकून बसला की पॅडल संपतं आणि ब्रेक लागत नाही, आधी खूण करून मग काढा.

रस्त्यावर काढायच्या आधी

पॅडल वर, कडक, इंजिन चालू करून एक मिनिट धरलं तरी सरकत नाही, ऑइल लेव्हल वरच्या रेघेला, ब्रेकचा लाल दिवा विझलेला, मागचे ब्रेक लाइट पेटतायत, चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळलेले. हे सगळं झालं की मगच सकाळी लवकर, सपाट रिकाम्या गल्लीत, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. तिथे दहा-बारा वेळा थांबवून बघा. मग ३० च्या वेगाला, मोकळा रस्ता बघून. गाडी एका बाजूला ओढत असेल तर परत घरी, पिना आणि त्या चाकातली हवा बघा.

नवीन पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. ४०-५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, जरा पुढे चालवून थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचे डाग उमटतात. घरी आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, एखादंच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ते सुटत नाहीये.

घाट मात्र इतक्यात नको. रविवारी ओंकारेश्वरला जायचंय म्हणून शनिवारी पॅड बदलून लगेच सिमरोलपुढे भेरू घाट उतरायला जाणारे आहेत, महू सोडून जाम गेटहून खाली मंडलेश्वरला जाणारे आहेत. शहरात आठवडाभर चालवा, दोन-तीनदा लेव्हल बघा, मग जा, आणि उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. मानपूरपुढे गणेश घाटात ट्रकांचे ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय, तापलेला ब्रेक उतारावर अचानक सोडतो तो असा.

चालत्या गाडीत पॅडल गेलंच तर पटापट पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेकच्या दांड्यावरचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, हॅझर्ड आणि हॉर्न. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली पार मागे गेली तर लॉक. मास्टरमध्ये दोन वेगळ्या लाइनी असतात, या गाड्यांत बहुतेक एक पुढचं आणि तिरपं मागचं चाक अशी जोडी, त्यामुळे एक लाइन गेली तरी पॅडल खाली जाऊन थोडा ब्रेक लागतो, पाय तिथे जोरात दाबून ठेवा, अर्ध्यात सोडून देऊ नका.

काढलेलं जुनं ब्रेक ऑइल नालीत किंवा कुंडीत ओतू नका. बाटलीत भरून, वर लिहून, ज्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल जमा होतं तिथे द्या, आणि तेलकट फडकी सकाळच्या कचरा गाडीत घातक कचऱ्याच्या कप्प्यात, सुक्यात टाकलीत तर गाडीवाला परत हातात देईल.